फसवणुकीनंतर पुन्हा कुणावर विश्वास टाकावा का?

प्रश्न: चार वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. त्याने मोठं कर्ज लपवलं होतं आणि ते उघड झाल्यावर आणखी खोटं बोलला. लग्न मोडलं. आता आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एकाने मला लग्नाचं विचारलं आहे. माणूस बरा वाटतो, पण 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही. पाळक म्हणतात, "पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते, तुला भीती वाटते म्हणजे तुझा विश्वास कमी पडतोय." मोठी बहीण म्हणते, "एकदा पोळलीस, पुरे झालं." पहिल्याला मी मनापासून क्षमा केली आहे, मग नव्यावर विश्वास ठेवायला इतकं जड का जातं? ख्रिस्ती माणसाने प्रेमात जोखीम घ्यावी म्हणतात, ती किती घ्यावी?

उत्तर:

पाळकांनी दिलेल्या वचनापासून सुरुवात करते, कारण त्याने तुमच्या डोक्यावर दुहेरी ओझं ठेवलंय. एक भीतीचं आणि दुसरं भीती वाटते याच्या लाजेचं. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडा आणि अठरावं वचन एकटं वाचू नका, सतरावंही वाचा. तिथे विषय न्यायाच्या दिवसाचा आहे. देवाने आपल्यावर आधीच प्रीती केली आहे, म्हणून त्याच्यापुढे उभं राहताना शिक्षेची धास्ती बाळगण्याचं कारण नाही, असं योहान सांगतो. एखादा माणूस आपल्याला पुन्हा फसवेल की काय, या भीतीबद्दल तिथे चकार शब्द नाही. आणि भीती हेच अविश्वासाचं लक्षण धरायचं, तर येशूच्या अटकेआधीच्या, गेथशेमाने बागेतल्या रात्रीला काय म्हणायचं? येशू व्याकूळ झाला होता. प्याला टळावा म्हणून त्याने प्रार्थना केली आणि तिघा जवळच्यांना जागं राहायला सांगितलं. ते झोपले. तीनदा येऊन पाहिलं, तीनदा झोपलेलेच. विश्वास आणि घाबरणं एकाच देहात राहू शकतात, हे त्या रात्रीनंतर कुणाला वेगळं सिद्ध करून दाखवायला नको.

तुमची भीती म्हणजे माहिती आहे. चार वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली आणि ती पुन्हा घडू नये म्हणून तुमचं मन पहाऱ्यावर बसलंय. पहारेकऱ्याला हाकलून लावण्याची गरज नाही. फक्त घराची मालकी त्याच्या नावावर करू नका.

बहिणीचं म्हणणं मला पाळकांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटलं. तिने तुम्हाला रडताना पाहिलंय. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो असं आपण म्हणतो, त्या म्हणीतला माणूस शेवटी ताक पितो हे ती विसरते. नकार हा बिनधोक पर्याय आहे असं तिला वाटतं. तसं नसतं. ज्यांनी एका फसवणुकीनंतर दार कायमचं लावून घेतलं, अशी माणसं माझ्यासमोर वर्षानुवर्षं येत आली आहेत आणि त्यांनी मोजलेली किंमतही मी पाहिली आहे. ती एकरकमी जात नाही, हप्त्याहप्त्याने जाते, म्हणून नजरेत येत नाही इतकंच. एकटं राहणं हा पूर्ण आणि सुंदर ख्रिस्ती मार्ग असू शकतो, प्रेषित पौल स्वतः तसाच होता. पण तो हाक ऐकून घेतलेला निर्णय असावा, धसका घेऊन नव्हे.

आता मूळ मुद्दा. विश्वासाने जोखीम कमी होते का?

नाही. व्यासपीठावरून अनेकदा उलटं सांगितलं जातं, म्हणून हे स्पष्ट म्हणते. "देवावर भरवसा ठेव, तो तुला फसू देणार नाही" असं आश्वासन शास्त्रात मला कुठे सापडलेलं नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय सगळ्यांच्या आवडीचा. आपण कुठे जातोय हे ठाऊक नसताना अब्राहाम निघाला, ते आपण लेकरांनाही शिकवतो. पण पस्तिसाव्या वचनाच्या मध्यावर तो अध्याय वळण घेतो. काहींना हाल सोसावे लागले, काहींना दगडमार झाला, काही करवतीने चिरले गेले. आणि शेवटी लेखक म्हणतो की विश्वासाबद्दल नावाजलेल्या या सगळ्यांना वचनाचं फळ हयातीत मिळालं नाही. जिंकलेली आणि हाल सोसलेली, दोन्ही प्रकारची माणसं एकाच यादीत आहेत आणि दोघांच्या विश्वासाला सारखेच गुण आहेत. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याचं उदाहरण तर आणखी बोचरं. शिष्यांच्या पैशांची थैली त्याच्याकडे होती आणि तो त्यातले पैसे काढायचा, असं योहान लिहितो. खुद्द प्रभूच्या भोवतीच्या बारा जणांतही टाकलेला विश्वास वाया गेला.

मग विश्वास करतो काय? माझ्या समजुतीप्रमाणे, डावावर काय लागलंय आणि काय कधीच लागत नाही, यातली रेघ तो स्पष्ट करतो. तुम्ही या माणसाला होकार दिलात आणि तो वाईट निघाला, तर तुमची काही वर्षं जातील, मनःशांती जाईल, पैसा जाऊ शकतो, लोक बोलतील. हे खरं नुकसान आहे, प्रार्थनेने ते खोटं होत नाही. पण तुम्ही देवाच्या प्रिय आहात, ही गोष्ट त्या टेबलावर ठेवलेलीच नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल मरण, जीवन, वर्तमान, भविष्य असं सगळं मोजत जातो आणि यातलं काहीही ख्रिस्तामधल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही म्हणतो. मोडलेलं लग्न त्याच्या 'भविष्या'त बसतं. पहिलं लग्न मोडलं तेव्हा तुमचं काय काय गेलं आणि काय गेलं नाही, हे कागदावर लिहून पाहा. बहुतेकांना दुसरा रकाना भरताना आश्चर्य वाटतं.

ही रेघ ज्यांच्या मनात पुसट असते ते दोन टोकांना जातात. एक तर कुणालाच जवळ येऊ देत नाहीत, किंवा जो येईल त्याला देव करून बसतात. दुसरं टोक मला जास्त घातक वाटतं. आपली सारी किंमत एका माणसाच्या हातात दिली की त्याचं साधं मौनही जिवावर येतं, आणि मग आपण प्रेम करत नाही, वसुली करत राहतो.

येशूने सांगितलेला रुपयांच्या थैल्यांचा दाखला मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. एका थैलीची किंमत मजुराच्या जवळपास 20 वर्षांच्या कमाईइतकी. धनी परदेशी जाताना तीन दासांकडे थैल्या सोपवतो. दोघे व्यापार करतात, तिसऱ्या दासाने आपली जमिनीत पुरली. याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो, पण त्याने स्वतः दिलेलं कारण वाचा. तुम्ही कठोर आहात हे मला माहीत होतं, म्हणून मी भ्यालो, असं तो धन्याला सांगतो. त्याने धन्याचं जे चित्र मनात धरलं होतं, त्यानेच त्याचे हात बांधले. व्यापारात पैसे बुडवून परत आलेल्या दासाचं धन्याने काय केलं असतं, हे मात्र येशू सांगत नाही. मला वाटतं त्याचं उत्तर लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. तिथे सगळं उधळून आलेल्या मुलाला पाहून बाप धावत सुटतो. बुडवून आलेल्यासाठीही घर आहे, हे ज्याला पटलंय त्याला थैली पुरून ठेवायची गरज भासत नाही.

आता तुमच्या क्षमेच्या प्रश्नाकडे येते, कारण मंडळ्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. प्रीती, क्षमा आणि भरवसा ही एकच गोष्ट समजली जाते आणि मग ज्याला क्षमा केली त्याच्यावर विश्वासही टाकला पाहिजे असा दबाव येतो. पहिल्या शमुवेलाचा सव्विसावा अध्याय पाहा. शौल राजा तीन हजार माणसं घेऊन दाविदाच्या मागावर आहे. रात्री दावीद त्याच्या छावणीत शिरतो. शौल झोपलाय, उशाशी भाला रोवलेला. सोबतचा अबीशय म्हणतो, एका घावात काम संपवतो. दावीद त्याला अडवतो, भाला आणि पाण्याचा चंबू उचलून निघून जातो आणि दूरच्या डोंगरमाथ्यावरून हाक मारतो. शौल विरघळतो. माझं चुकलं, माझ्या मुला परत ये, आता मी तुझं वाईट करणार नाही, असं म्हणतो. दावीद काय करतो? भाला न्यायला तुझा एक तरुण पाठव, म्हणतो. स्वतः जात नाही. राजा राजवाड्याकडे परततो आणि दावीद आपल्या वाटेने जातो. पुढच्याच अध्यायात तो पलिष्ट्यांच्या देशात निघून जातो, कारण शौल आज ना उद्या आपल्याला मारेल हे त्याला कळलेलं आहे.

सूड घ्यायचा नाही हे दाविदाने ठरवलं होतं. त्या भाल्याच्या टप्प्यात पुन्हा उभं राहायचं नाही, हेही ठरवलं होतं. दोन्ही निर्णय एकाच रात्रीचे आहेत आणि दोन्ही शहाणपणाचे. येशूबद्दलही योहानाने दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय की पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, तरी त्याने स्वतःला त्यांच्या भरवशावर सोडलं नाही, कारण माणसाच्या आत काय असतं हे तो ओळखून होता. याच माणसांसाठी तो पुढे मेला. तेव्हा प्रेम पूर्ण आणि भरवसा राखून, हे ख्रिस्ती जगण्यात बसतं.

क्षमा मागच्या हिशेबाची असते आणि भरवसा पुढच्या दिवसांचा, म्हणून एक झालं तरी दुसरं आपोआप होत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका येते. नव्या माणसाबद्दल तुम्ही "बरा वाटतो" असं लिहिलंत आणि पुढे काही नाही. माणसांवरचा विश्वास उडण्यापेक्षा तुमचा स्वतःच्या पारखीवरचा विश्वास उडालाय का? मला एकदा कळलं नाही, आता तरी काय कळणार, असं? तसं असेल तर चार वर्षांपूर्वीचं एकदा नीट तपासा. काही खुणा दिसल्या होत्या आणि तुम्ही त्या बाजूला सारल्या होत्या का? असतील तर पारख शाबूत होती, तुम्ही तिचं ऐकलं नाही इतकंच, आणि या वेळी ऐकता येईल. काहीच दिसलं नव्हतं? मग समोरचा सराईत होता. त्याचं पाप तुमच्या खात्यावर मांडू नका.

भरवसा कसा टाकायचा हे शिकायचं तर पहिल्या मंडळीतल्या बर्णबाकडून. प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय. मंडळीचा छळ करणारा शौल (हा तार्सचा, पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला, वरचा राजा नव्हे) यरुशलेमेला येतो आणि शिष्य झालोय म्हणतो. सगळे त्याला घाबरतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. बर्णबा त्याला प्रेषितांकडे नेतो आणि सांगतो काय? याला प्रभू वाटेत कसा भेटला, आणि दिमिष्कात याने कसं धैर्याने भाषण केलं. म्हणजे त्याच्याकडे माहिती होती. शौल काय म्हणतो एवढ्यावर तो थांबला नाही, शौलाने काय केलं हे त्याला ठाऊक होतं. तरी जोखीम उरलीच होती, आणि ती त्याने स्वतःच्या नावावर घेतली. हाच बर्णबा पुढे सोबतीचा तरुण योहान मार्क, त्याच्यासाठी अडून बसतो. मार्क मागे पंफुल्यात त्यांना सोडून गेला होता. पौल त्याला पुन्हा न्यायला साफ नकार देतो, कडाक्याचं भांडण होतं, दोघे वेगळे होतात. कोण बरोबर होतं हे कृत्यांचा लेखक लूक सांगत नाही. मला त्याचं हे न सांगणं फार आवडतं. दोन विश्वासू माणसं एकाच माणसाबद्दल वेगवेगळा निर्णय घेऊ शकतात. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, तो उपयोगी आहे म्हणतो. मधली वर्षं बर्णबाने त्याच्याबरोबर काढायला सुरुवात केली होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की माहिती गोळा करा आणि ती गोळा करताना ओशाळू नका. तो मंडळीत येतो ही पात्रता नाही. सुंदर प्रार्थना करतो, हीसुद्धा नाही. तुम्ही एखाद्या छोट्या गोष्टीला नाही म्हटलंत की त्याचा चेहरा कसा होतो? ज्यांच्याशी त्याचं बिनसलं त्यांच्याबद्दल तो कसं बोलतो? सगळ्या जुन्या भांडणांत दोष नेहमी दुसऱ्याचाच असेल तर कान टवकारा. किरकोळ चूक पकडली गेली तर सरळ कबूल करतो की गोष्ट रचतो? ज्याच्याकडून काही मिळायचं नाही अशा माणसाशी कसा वागतो?

तुमची जखम पैशाच्या खोट्याची आहे, म्हणून पैशाचं बोलणं लग्न ठरण्याआधीच झालं पाहिजे आणि तेही कागदांसकट. उत्पन्न, कर्ज, कुणासाठी जामीन राहिलात का, घरच्यांना दरमहा काय द्यावं लागतं. दोघांचेही कागद, फक्त त्याचे नव्हेत. तो थोडा अवघडला तर हरकत नाही, कुणीही अवघडेल. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" असं म्हणून विषय बंद करू लागला, किंवा त्यासाठी वचनांचा आधार घेऊ लागला, तर तिथेच थांबा. तसंच "देवाने मला दाखवलंय, तूच माझी बायको" असं म्हणणारा असेल तर जरा अंतर ठेवा. त्या वाक्यात तुमच्या नकाराला जागाच ठेवलेली नसते. तुम्हीही देवाकडे खुणा मागत बसू नका. गिदोनाने लोकर पसरून खूण मागितली खरी, पण देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर ही त्याच्या डळमळण्याची गोष्ट आहे, जोडीदार निवडण्याची पद्धत नव्हे.

तुमची जुनी गोष्टही त्याला एकदम सगळी सांगायची नाही. आधी थोडी सांगा. ती तो कशी सांभाळतो ते पाहा. त्याच्यापाशीच राहते, की दुसऱ्याच कुणाकडून तुमच्या कानावर येते? थट्टेत निघते का? रुसव्यात हत्यार होते का? सांभाळली गेली तर पुढचं सांगा. हळूहळू जोखीम घेणं हा भित्रेपणा नाही, नाती अशीच वाढतात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण "मला फसवलं तर?" असं विचारतो. "मीच कुणाला दुखावलं तर?" असं विचारणारा विरळा. त्या माणसानेही तुम्हाला विचारून जोखीम घेतली आहे, आणि तुम्ही लग्न केलंत तर कधी ना कधी त्याचं मन तुमच्याकडूनही मोडेल. पेत्राला खात्री होती की बाकी सगळे अडखळले तरी आपण अडखळणार नाही. त्याच रात्री त्याने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं. नंतर सरोवराकाठी येशूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं त्याच्या हवाली केली. जे मोडलं होतं तेच उकरून विचारलं आणि मग काम दिलं. ही तयारी तुम्हा दोघांत आहे का, हे मी कुठल्याही गुणांच्या यादीआधी पाहीन.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाला मारिया फॉन वेडेमायरने जानेवारी 1943 मध्ये होकार दिला. ती 18 वर्षांची होती, तो 36 चा. आदल्याच वर्षी तिचे वडील आणि भाऊ युद्धात मारले गेले होते. आईने वर्षभर थांबायला सांगितलं होतं आणि माझ्या मते आईचं चुकलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्याला अटक झाली, 9 एप्रिल 1945 ला नाझींनी त्याला फाशी दिलं. लग्न झालंच नाही. मधल्या काळात तुरुंगातल्या भेटी आणि पत्रं, एवढाच त्यांचा संसार. ही गोष्ट मी उदात्त प्रेमकथा म्हणून सांगत नाही. पदरात काय पडलं एवढ्यावरच होकार योग्य होता की अयोग्य हे ठरत नाही, एवढ्यासाठी सांगते.

जिथे जोखीम घ्यायचीच नाही अशीही जागा आहे. मारहाण, धमक्या, पैशावर किंवा फोनवर पहारा, माणसांपासून तोडणं, यातलं काहीही दिसलं तर "प्रीती सर्व काही सहन करते" हे वचन कुणालाही तुमच्यावर फेकू देऊ नका. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या त्याच तेराव्या अध्यायात प्रीती अनीतीत आनंद मानत नाही आणि सत्याबरोबर आनंद मानते, असंही लिहिलंय. भाला अंगावर आला तेव्हा दावीद पळाला होता. तुम्हीही पळा, आणि मग कायद्याची, विश्वासातल्या माणसांची मदत घ्या.

आत्ता काय करायचं? त्याला ना होकार द्या ना नकार. काही महिने मागा आणि का मागताय ते सरळ सांगा: माझं एकदा लग्न मोडलंय, मला वेळ लागेल, आणि काही प्रश्न मी विचारेन. मुदत मात्र ठरवून घ्या, नाहीतर थांबणंच उत्तर होऊन बसतं. या काळात तुम्हाला तोंडावर खरं सांगतील अशा दोघांना सोबत घ्या. त्यातली एक बहीण असू द्या. तिची आणि त्याची ओळख करून द्या, दोघांना बोलू द्या, आणि तो गेल्यावर तिला एकच विचारा, की तिने काय पाहिलं. तिला काय वाटलं ते नंतर.